सर्दीचा कोठा

आमच्या आईला विचाराल, तर सुश्रुतला कधी काही झालंच नव्हतं. त्याचा सर्दीचा कोठा, बस्स. बालवाडीत नाक गळायचं तेव्हा सर्दीचा कोठा. आणि एकतिशीत, बाळकुमच्या टॉवरमध्ये स्वतःचा फ्लॅट घेऊन राहणारा माणूस रुमालात रक्ताच्या खपल्या काढायला लागला, तेव्हाही सर्दीचा कोठाच. तूप कोमट करून नाकात सोड, ओव्याची पुरचुंडी हुंग, वाफ घे. फोनवर रोज हेच. मी एकदा म्हटलं, "आई, अगं त्याला डॉक्टरकडे पाठव. नाकात काय तळण काढतेयस का त्याच्या?" तर रुसून बसली.

मी अशीच बोलते. वर्तकनगरला शाळेत शास्त्र शिकवते, मुलं पाठीमागे मला मिरची म्हणतात, म्हणू देत. सुश्रुत माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी कोपरच्या आमच्या गल्लीत फिरवलेलं आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल मी शांतपणे, तोलूनमापून वगैरे बोलेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आमचे बाबा, हरिहर फणसळकर, बँकेतून रिटायर झालेले. सरळ माणूस. घरात चहाशिवाय कशाचं व्यसन नाही याचा त्यांना कोण अभिमान. सुश्रुत कॉलेजला गेला तेव्हापासून त्यांनी एक पद्धत पाडलेली. तो बाहेरून आला की दारातच त्याला थांबवायचे, "हा कर," म्हणायचे आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. मित्रांसमोरसुद्धा. सुश्रुत हसत आ करायचा. वास नसला की पाठीवर थाप. "शाब्बास. जा, पान वाढलंय." पुढे तो एका बिल्डरकडे सेल्सला लागला, चाळीस मजली टॉवरमधले फ्लॅट विकायला लागला, गाडी आली, घर झालं, तरी कोपरला आला की दारात 'हा कर' चालूच. दारू नाही, सिगरेट नाही, तंबाखू नाही. बाबांच्या लेखी व्यसनं तेवढीच. इतकी वर्षं त्यांनी पोराच्या तोंडाचा वास घेतला, नाकाकडे कोणी बघितलंच नाही.

मी बघितलं ते गणपतीत.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, आणि आरतीला शंख सुश्रुतचा. अगदी शाळेत असल्यापासून. असा वाजवायचा की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत यायची. या वेळी आरती सुरू झाली, त्याने शंख ओठाला लावला, गाल फुगवले आणि नुसती हवा. फुस्स. परत लावला. परत तेच, आणि नाकातून बारीक शिट्टी. बच्चेकंपनी खिदळली. बाबा टाळ्या वाजवता वाजवता म्हणाले, "अरे, सराव राहिला नाही तुझा!" सुश्रुतही हसला. पण मी त्याच्या शेजारीच उभी होते आणि मला त्याचे कान दिसत होते. कानाच्या कडा काळ्याजांभळ्या. दारात बोट चेमटल्यावर नख होतं ना, तशा.

मग पंगत बसली. सुश्रुतने आमटीचा भुरका मारला आणि ती आमटी त्याच्या नाकातून खाली आली. ठसका लागून येते तशी नाही. नुसतीच, बारीक धारेने. त्याने झटकन रुमाल लावला आणि आजूबाजूला बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. बोलणंही सगळं गेंगाणं झालेलं.

"बघ, किती साठलीये सर्दी," आई म्हणाली.

माझ्या हातातलं ओगराळं मी भांड्यात आपटलं. "सर्दीने आमटी नाकातून येत नाही, आई."

"सणाच्या दिवशी तुझी शाळा भरवू नकोस," ती म्हणाली आणि त्याच्या भातावर तूप वाढलं.

गणपती पाण्यात गेले तसं मी सुश्रुतला अक्षरशः दंडाला धरून ठाण्यात डॉ. देवयानी आंबर्डेकरांकडे नेलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टर. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ओळख. त्यांनी नाकात कॅमेरा घातला आणि समोरच्या पडद्यावर जे दिसलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दोन नाकपुड्यांच्या मधली भिंतच नव्हती. एकच पोकळी, आणि तिच्यात काळे-पिवळे पापुद्रे. मग त्याला तोंड उघडायला लावलं. टाळूला शर्टाच्या बटणाएवढं भोक.

"सुश्रुत," केसपेपरवरचं नाव वाचून डॉक्टर म्हणाल्या. "कापलेली नाकं शिवणाऱ्याचं नाव ठेवलंय तुमचं." हसल्या मात्र नाहीत. "किती वर्षं घेताय?"

"काय?"

"मी काय विचारतेय ते तुम्हाला बरोब्बर कळलंय."

तो काहीच घेत नाही म्हणाला. त्यांनी वाद घातला नाही, रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. आम्ही खाली येऊन गाडीत बसलो. त्याने चावी लावली, पण गाडी काढली नाही. स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "ताई, कोकेन."

मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या घोड्याएवढ्या माणसाच्या, भर पार्किंगमध्ये. मग तो कान दिसला आणि मीच हमसून रडायला लागले.

एका टॉवरच्या लाँचिंगची पार्टी होती म्हणे. कोणीतरी बडा क्लायंट म्हणाला, घे, फ्रेश वाटेल. वाटलं फ्रेश. "ताई, शनिवार-रविवार साइटवर उभं राहायचं, फॅमिल्यांच्या फॅमिल्या येतात, सॅम्पल फ्लॅट दाखवायचा, प्रत्येकाशी हसून बोलायचं. ते घेतलं ना, की मला वाटायचं, मी कोणालाही काहीही विकेन."

"आणि आता?"

"आता नाही घेतलं तर अंघोळीला उठवत नाही." मग म्हणाला, "आणि याला वास येत नाही."

रिपोर्ट आल्यावर आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. देवयानी मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि मला समोरची खुर्ची दाखवली.

"हे बघा, कोकेनने नाकातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रक्त पोचलं नाही की आतलं अस्तर मरतं, मग कूर्चा मरते. जिथे काही मेलं तिथे शरीर आपल्या पेशी पाठवतं, म्हणून सूज येते. ती उतरायच्या आत हे पुन्हा घेतात. पुन्हा सूज. असं वर्षानुवर्षं. शेवटी त्या पेशींना थांबायचं कळेनासं होतं. घर झाडायला आलेली माणसं भिंती पाडत सुटावीत, तसं झालंय यांच्या नाकात."

"आणि कान?"

"ती बहुतेक भेसळीची करामत. जनावरांना जंतांसाठी देतात ते एक औषध या पावडरीत पुष्कळदा मिसळलेलं असतं. त्याने कानाच्या रक्तवाहिन्या सुजतात, कातडी काळी पडते. आणि पांढऱ्या पेशी घटतात. यांच्या निम्म्यासुद्धा उरलेल्या नाहीत."

पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणते, मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत एक मार्क मिळतो. माझ्या भावाच्या अंगातले निम्म्याहून जास्त सैनिक मेलेले आणि उरलेले घरावरच चाल करून गेलेले. एक मार्काचं वाक्य ते.

"आता नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "रक्तातली एक टेस्ट पॉझिटिव्ह आहे. एक ऑटोइम्युन आजार आहे, त्यातही ती पॉझिटिव्ह येते. नाकाची दशाही हुबेहूब अशीच होते. कोकेनचं माहीत नसेल तर कोणीही डॉक्टर फसेल. तो प्रतिकारशक्ती दाबायची औषधं सुरू करेल. ती यांना आत्ता दिली, आणि हे वरून घेतच राहिले, तर साधा खोकलासुद्धा यांना झेपायचा नाही. यांना औषध एकच, पावडर कायमची बंद. त्यासाठी ॲडमिट व्हावं लागेल, आणि ते एकट्याने जमत नाही. घरी सांगा."

घरी सांगा. एवढंच करायचं होतं. तेवढ्यावर त्याचा जीव होता.

रविवारी आम्ही दोघं कोपरला गेलो. गाडीत तो सारखा म्हणत होता, "ताई, मीच सांगतो हां, तू मध्ये तोंड घालू नकोस." मी म्हटलं, बरं, तूच सांग, मी ब्र काढत नाही. आईने पोहे केलेले. त्याने पोहे संपवले, चहा संपवला, टीव्हीवरची मॅच बघितली, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बाबांशी गप्पा मारल्या. शेवटी मीच सांगितलं. सगळं. नाकाचं, टाळूचं, कानाचं, पेशींचं. आधी कोकेनचं.

आई तशीच बसून राहिली, हातात रिकाम्या बश्या. बाबा खुर्चीतून उठले. सुश्रुतसमोर जाऊन उभे राहिले.

"हा कर."

सुश्रुतने तोंड उघडलं. बाबांनी वाकून वास घेतला. डोळे मिटून, पुन्हा एकदा घेतला. मग आमच्याकडे वळले आणि त्यांच्या तोंडावर जे काही पसरलं, त्याला आनंदच म्हणायला पाहिजे.

"काही नाही. काहीही वास नाही."

"बाबा, त्याला वास नसतो!"

"क्षिप्रा, तू गप्प बस. मी माझ्या मुलाला विचारतोय. सुश्रुत, तू काही घेतोस?"

त्याने बाबांकडे बघितलं. आईकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. "नाही, बाबा. डॉक्टरांचा काहीतरी गैरसमज झालाय. ताई उगाच घाबरलीये."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. नालायका ही त्यातली सगळ्यात सौम्य शिवी. मी किंचाळले, रिपोर्ट टीपॉयवर आपटला. आणि आई, माझी आई, जी आयुष्यात मला कधी टाकून बोलली नाही, ती शांतपणे म्हणाली, "त्याचं वर आलेलं बघवत नाही का गं तुला?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

रिपोर्ट तिथेच राहिला. बाबांनी त्या टेस्टचं नाव नेटवर टाकलं आणि त्यांना पाहिजे होतं ते सापडलं. डोंबिवलीतल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे ते सुश्रुतला घेऊन गेले. डॉक्टरांनी व्यसनाचं विचारलं. "सुपारीचं खांडसुद्धा नाही," बाबा म्हणाले, आणि सुश्रुत शेजारी मान डोलावत बसला. हे मला आईनेच सांगितलं, कौतुकाने. तिचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. आवाजात केवढा आनंद! "क्षिप्रा, आजारच निघाला गं! ऑटोइम्युन. देव पावला. बाबा म्हणतात, कोणालाही होऊ शकतो, चांगल्या चांगल्या घरांतून होतो."

पोराला जीवघेणा आजार आहे कळल्यावर देव पावला म्हणणारी आई तुम्ही बघितलीये का? मी ऐकलीये.

मी हातावर हात ठेवून बसले नाही. त्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये गेले. रिसेप्शनवरची मुलगी माझं नाव ऐकून अवघडली. म्हणाली, "पेशंटच्या वडिलांनी सांगून ठेवलंय, मॅडम. मुलगी आली तर... म्हणजे, तुमची मनःस्थिती बरी नसते म्हणाले." मी तरीही थांबले, डॉक्टर बाहेर पडताना त्यांना पॅसेजमध्ये गाठलं, एका दमात सांगितलं. त्यांनी चालता चालता ऐकलं. "पेशंट स्वतः नाही म्हणतोय, वडील नाही म्हणतायत. तुमचं घरगुती आहे, आपसांत मिटवा." लिफ्ट आली, ते गेले. देवयानी मॅडमनी सुश्रुतला फोन केले, त्याने उचलले नाहीत. सज्ञान माणसाला उचलून कोण आणणार? माझा नवरा सिद्धेश बाळकुमला जाऊन त्याला दोन तास समजावून आला. चहा पाजून पाठवलं त्याला सुश्रुतने, गोड बोलून. विकायचंच काम ना त्याचं.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्यांनी त्याला बरं वाटायला लागलं, हे सगळ्यात वाईट झालं. स्टिरॉइड ते. सूज ओसरली, भूक लागली, तोंड गोल गरगरीत झालं. आईने त्याला कोपरलाच आणून ठेवलेलं; व्हिडिओ कॉलवर मला दाखवायची, "बघ, गाल कसे भरलेत माझ्या बाळाचे!" तिला काय सांगणार, की ते गाल म्हणजे तब्येत नाही, औषध आहे? ऐकायची तिची तयारीच नव्हती. मी दर वेळी सांगायचे आणि ती दर वेळी फोन त्याच्याकडे द्यायची.

मार्गशीर्षात आईने सत्यनारायण घातला. सुश्रुतला गुण आला म्हणून. डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलेलं, ते आई-बाबांनी तंतोतंत पाळलं होतं. मॉल नाही, थिएटर नाही, लग्नं नाहीत. पण सत्यनारायण म्हणजे काय गर्दी थोडीच? आपलीच माणसं. सोसायटीतली, बँकेतली, नात्यातली. मला आईचा फोन आला, "तीर्थप्रसादाला ये. पण तोंड उघडू नकोस."

गेले. दारात चपलांचा ढीग. आत पाय ठेवायला जागा नाही, थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या. सुश्रुत पाटावर, कद नेसून, अंगावर उपरणं, कानांवर आईने कसलासा लेप लावलेला. गुरुजी कथा सांगत होते. मागे कोणाचं तरी तान्हं शेंबडं नाक घेऊन रांगत होतं. जो येईल तो सुश्रुतच्या पाठीवरून हात फिरवत होता. शेजारच्या रंभाकाकू खोकत खोकत आल्या, त्याचे गाल दोन्ही हातांत घेतले, त्याच्या डोक्यावर ओठ टेकले. "सोन्या, बरा झालास रे!" मी मध्ये घुसले, म्हटलं, "काकू, लांबून." अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली. बाबा हात जोडून बसलेले, त्यांनी नुसती नजर वर केली. एवढी शरम मी त्यांच्या डोळ्यांत कधी बघितली नव्हती. आणि ती माझी वाटत होती त्यांना.

तिसरा अध्याय संपला तसा सुश्रुत उठून बाथरूमला गेला. मी मागोमाग गेले, दाराबाहेर उभी राहिले. बाहेर आला तेव्हा डोळे चकाकत होते आणि कद सावरता सावरता तो नाक पुसत होता.

"तू अजून घेतोस."

"ताई, प्लीज. आज तरी नको." त्याने माझा हात धरला. हात थंडगार. "सगळे माझ्याकडे बघतायत गं. नाही बसवत इतका वेळ."

"त्या गोळ्या चालू, वरून हे? मॅडम काय म्हणाल्या आठवतं ना तुला? मरशील तू, सुश्रुत! खोटं नाही सांगत."

"पण गोळ्यांनी बरं वाटतंय ना. कधी कधी मला वाटतं, खरंच असेल ते ऑटोइम्युन." हे तो खरोखर मनापासून म्हणाला. त्याला स्वतःलाच पटलेलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी सांगणार होतो गं. देवाशप्पथ. पण बाबांनी वास घेतला ना... तू त्यांचं तोंड बघितलंस? एवढे खूश मी त्यांना कधी केलंच नव्हतं."

आतून आईने हाक मारली, "सुश्रुत, अरे ये, गुरुजी खोळंबलेत." तो गेला आणि पाटावर बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन प्रसादाचा शिरा द्रोणात भरत राहिले. दुसरं काय करणार होते? त्याला खेचून नेणार होते? नेलं असतं तर बरं झालं असतं, असं आता हजारदा वाटतं. पण कोणी नेऊ दिलं नसतं, हेही तितकंच खरं आहे.

त्यानंतर काही दिवसांनी खोकला लागला. मग ताप. आईने काढा दिला, वाफ दिली, तूप सोडलं. बाबा म्हणाले, पूजेची दगदग झाली. मला कळवलं ते त्याला दोन शब्द बोलायला दम लागायला लागला तेव्हा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. तोवर त्याला ॲम्ब्युलन्समधून कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलेलं.

दुपार होती. मी कॅज्युअल्टीच्या दारात पोचले तेव्हा सुश्रुत खाटेवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि एक तरुण डॉक्टर बाबांना विचारत होते, "आधीचं काही? व्यसन वगैरे?"

"सुपारीचं खांडसुद्धा नाही," बाबा म्हणाले.

तेव्हा सुश्रुतने हात उचलला. स्वतःच्या हाताने मास्क खाली ओढला, डॉक्टरांची बाही धरली आणि काहीतरी बोलला. त्याच्या टाळूचं भोक आता एवढं वाढलेलं की शब्द तोंडात थांबतच नव्हते, सगळा वारा नाकातून जात होता. डॉक्टर त्याच्यावर वाकले. तो पुन्हा बोलला, जीव एकवटून.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, "पाणी मागतोय."

मला दारातून कळलं होतं. बोबडं बोलायचा तेव्हापासून त्याचं बोलणं मला कळतं. आणि बाबांनाही कळलं होतं. ते सुश्रुतकडे बघायचं टाळत होते.

"पाणी नाही मागत," मी पुढे होऊन म्हटलं. "कोकेन घेतो म्हणतोय. पहिल्यापासून घेतो. ते लिहा म्हणतोय."

डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. सुश्रुतने मान हलवली. हो. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि त्या काळ्या कानावर ओघळलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आई म्हणाली, "अहो, तापात बरळतोय तो." पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, डॉक्टर धावले होते.

गोळ्या थांबवल्या, पेशी वाढायची इंजेक्शनं दिली, देवयानी मॅडमना फोन करून सगळं विचारून घेतलं. सगळं केलं त्या पोरसवदा डॉक्टरांनी, त्यांना मी कधी विसरणार नाही. पण रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. दोन्ही फुप्फुसं भरलेली. "कोणाच्यातरी साध्या खोकल्याने सुरुवात झाली असेल," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "यांच्या अंगात अडवायलाच कोणी नव्हतं. हे आधी कळायला हवं होतं हो, मॅडम." मी त्यांच्यावर ओरडणार होते, की मी सांगत होते, घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते. पण त्यांच्यावर ओरडून काय होणार होतं?

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, मशीन लावूनही आता उपयोग नाही, तेव्हा आम्हाला तिघांनाही आत सोडलं. सकाळचं ऊन खिडकीतून त्याच्या पायांवर आलेलं. आईने घरून देव्हाऱ्यातला गंगेचा गडू आणलेला, आणि पळी, आणि तुळशीचं पान. तिने ते सगळं बाबांच्या हातात दिलं. नर्सने सुश्रुतच्या तोंडावरचा मास्क हलकेच बाजूला केला.

बाबा त्याच्यावर वाकले. अगदी जवळ. वास घ्यायला वाकायचे तसेच.

"हा कर, बाळा," ते म्हणाले.

त्याने आ केला. इतकी वर्षांची सवय ती. बाबांनी पळीने पाणी सोडलं, आणि ते पाणी घशाखाली उतरलंच नाही. नाकातून, बारीक धारेने, परत बाहेर आलं. बाबांनी पुन्हा सोडलं. पुन्हा आलं. पळी हातातून खाली पडली आणि बाबा तिथेच, खाटेशी, जमिनीवर बसले.

आई पुढे झाली. पदराच्या टोकाने तिने त्याचं नाक टिपलं, लहान मुलाचं टिपतात तसं, नीट, दोन्ही बाजूंनी. मग नर्सकडे बघून म्हणाली,

"सर्दीचा कोठा आहे हो त्याचा. लहानपणापासून."